तुझ्या लेकीच्या एसएसबीबद्दल

प्रिय बंड्या,

काल रात्री तुझा मेसेज वाचला, दोन ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नाही म्हणून हे लांबलचक लिहितोय, चहा घेऊन निवांत वाच आणि वहिनींनाही दे वाचायला. आधी पोरीचं अगदी मनापासून अभिनंदन. एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या तिन्ही सैन्यदलांच्या अकादमीची, लेखी काढणं खायचं काम नाही रे, गणिताचे 300, जनरल अॅबिलिटीचे 600, असे 900 मार्कांचे पेपर. आता एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाच्या चाचण्या आणि मुलाखतीला, पण तेवढेच 900 आहेत, आणि तू नेमका त्याचाच धसका घेतलायस.

तू लिहिलंयस, "ती चारचौघांत फार बोलत नाही, आवाज चढवत नाही, लीडर कशी होणार?" बंड्या, हे तिच्यासमोर बोलला नसशील तर बरं. आयुष्यातली चांगली वर्षं फौजेत काढून, आता या पोरापोरींना शिकवताना माझं मत एकदम पक्कं झालंय. आपल्या मागून येणाऱ्या माणसांसाठी जो नीट प्लॅन करतो, आणि आपण नसलो तरी ते पार पाडतील इतका स्वच्छ समजावून सांगतो, तो लीडर. आवाजाचं काय, तो परेडच्या मैदानावर उस्ताद लोक, म्हणजे कवायत शिकवणारे, बरोबर काढून घेतात.

एसएसबीत ग्रुप प्लॅनिंग नावाचा प्रकार असतो. जमिनीचं एक मॉडेल, त्यावर गाव, नदी, रेल्वे, रस्ता, आणि आठ-दहा जणांसमोर एकदम तीन-चार संकटं टाकतात. आधी प्रत्येकाने स्वतःचा प्लॅन कागदावर लिहायचा, मग सगळ्यांनी बसून एक ठरवायचा. परवा क्लासमध्ये मी असं दिलं होतं: दुपारचे 4 वाजलेत, 6 किलोमीटरवर रुळाची फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) काढलीय, 5 ला पॅसेंजर येणार, एका मित्राला साप चावलाय, दवाखाना उलट्या दिशेला 10 किलोमीटर, जवळ एक ट्रॅक्टर, एक सायकल. पोरं लगेच तुटून पडली, ट्रॅक्टरवर पेशंट, सायकलवर एक जण रुळाकडे, अर्ध्या तासात दोन्हीकडे पोचतो, झालं काम. एक मुलगी तोवर गप्प होती, ती म्हणाली, "सर, सायकलवाला पोचला, पण गाडी थांबवणार कशाने? लाल कापड कुणाकडे आहे?" सगळा ग्रुप शांत. मग कुणाचा तरी लाल टी-शर्ट निघाला, मग फिशप्लेटपाशी उभं राहून उपयोग नाही, गाडी ज्या बाजूने येणार तिकडे बरंच पुढे जायला हवं हे निघालं, म्हणजे वेळ पुन्हा मोजायला लागला. त्या मुलीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जेमतेम पोचला असेल, पण पूर्ण प्लॅन तिने फिरवला. बोर्ड जे पंधरा गुण बघतं ना, त्यात ऑर्गनायझिंग अॅबिलिटी आहे, जबाबदारीची जाणीव आहे, ग्रुपवर प्रभाव आहे. आरडाओरडा कुठेच नाही.

आणि सिलेक्ट झाली की मग खरं शिक्षण. तीन वर्षं, सहा टर्म. पहिल्या टर्मला फक्त ऐकायचं, पळायचं, रगडा, म्हणजे अंगमेहनतीच्या शिक्षा, खायचा. लोकांना ते नुसता त्रास वाटतं, पण हुकूम खाली येतो तेव्हा खालच्या माणसाला काय काय कळत नाही, कुठे तो अडतो, हे स्वतः खाली असल्याशिवाय समजत नाही. शेवटच्या वर्षात अपॉइंटमेंट, म्हणजे कॅडेटमधलंच एखादं जबाबदारीचं पद, मिळते, मग आपल्याच कोर्समेटना आणि ज्युनियरना सांभाळायचं, आणि कोर्समेटला कामाला लावणं हे सगळ्यात अवघड, तो तुला पहिल्या दिवसापासून ओळखत असतो. मधे कॅम्प असतात, ग्रीनहॉर्न, रोव्हर्स, तोरणा, प्रत्येक आधीच्यापेक्षा कठीण. खडकवासल्याच्या आजूबाजूचे डोंगर तुला ठाऊकच आहेत, त्यात रात्री नकाशा, कंपास आणि पाठीवर वजन घेऊन चालायचं म्हणजे काय ते सांगायला नको.

मिशन प्लॅनिंग तिथे अंगात मुरतं. समज दुपारी 12 ला हुकूम आला, पहाटे 4 ला एका टेकडीमागे पोचायचंय, अंतर 6 किलोमीटर. अंधार, चढउतार, सामान, म्हणजे तासाला 2 किलोमीटर धर, 3 तास, थांबे आणि चुकामूक यासाठी अजून 1 तास. म्हणजे रात्री 12 ला निघायलाच हवं. असा शेवटाकडून मागे हिशोब करायचा. आता हातात 12 तास आहेत तर त्यातला एक तृतीयांश, म्हणजे 4 तासच स्वतःला ठेवायचे, दुपारी 4 वाजता ऑर्डर्स देऊन मोकळं व्हायचं, उरलेले 8 तास खालच्या माणसांचे, उजेडात सामान तपासायला, जागा लांबून बघायला, जेवायला, डोळा लागायला. नवखा पोरगा काय करतो, प्लॅन सुंदर करायच्या नादात रात्री 9 पर्यंत स्वतःच बसतो आणि मग टॉर्चच्या उजेडात घाईघाईत सांगतो. प्लॅन कितीही भारी असू दे, सेक्शनला, म्हणजे आपल्या तुकडीला, तयारीला वेळच दिला नाहीस तर काय कामाचा?

ऑर्डर्सचा क्रम पण ठरलेला असतो, जमीन, शत्रूची आणि आपली माहिती, मिशन, कसं करायचं, मग दाणापाणी-दारूगोळा-जखमी, मग सिग्नल, शेवटी सगळ्यांची घड्याळं जुळवायची. मिशन एका वाक्यात, आणि ते कशासाठी करतोय हे त्यातच. मी पोरांकडून दोनदा म्हणून घेतो. कारण गडबडीत बाकीचं सगळं विस्कटलं तरी कशासाठी निघालो हे शेवटच्या जवानाला ठाऊक असेल तर तो स्वतः वाट काढतो.

सिग्नलवरून राम राघोबा राणे आठवतात, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीचे, कारवारकडचे. एप्रिल 1948, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता, सगळीकडे सुरुंग आणि अडथळे, वरून गोळीबार. या सेकंड लेफ्टनंटने काय केलं, तर रणगाड्याच्या खाली शिरून त्याच्याच वेगाने सरपटत गेले आणि दोऱ्यांनी वर ड्रायव्हरला इशारा द्यायचा, थांब, चल. रणगाडा थांबला की सुरुंग निकामी करायचा, की पुढे. धाडस तर आहेच, परमवीर चक्र हयातीत मिळालं त्यांना, पण मला त्या दोऱ्यांचं जास्त कौतुक वाटतं. कुठल्या ओढीचा अर्थ काय हे ड्रायव्हरशी आधी ठरवलेलं असणार ना, नाहीतर रणगाड्याखाली ओरडून कुणाला ऐकू जाणार? तुझ्या लेकीला ही गोष्ट सांग, आवाजाची काळजी आपोआप जाईल.

मुलींचं म्हणशील तर रस्ता झालाय आता. 2021 ला मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, 2022 ला पहिल्या 19 मुली गेल्या आणि 30 मे 2025 ला त्यातल्या 17 पास आऊट झाल्या. मला फार आनंद झाला होता त्या दिवशी.

आता कामाचं. कोचिंगवाल्यांची पाठ केलेली उत्तरं तिला अजिबात देऊ नकोस, बोर्डाच्या ते लगेच लक्षात येतं. त्यापेक्षा घरातली एखादी खरी जबाबदारी दे, तुझ्या आईला देवदर्शनाला न्यायचंय म्हणत होतास ना, गाडी, वेळ, औषधं, पैसे, कोण कुठे बसणार, सगळं तिला ठरवू दे आणि आदल्या दिवशी सगळ्यांना समोर बसवून सांगू दे. तू मधे बोलायचं नाहीस. रोज सकाळी पळणं चालू ठेवा. रविवारी दुपारी फोन कर आणि तिच्याकडे दे, अर्धा तास बोलतो तिच्याशी, आणि दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर इकडे साताऱ्याला पाठव, हिने खोली आवरून ठेवलीय.

तुझा,
दिन्या