लेसरखोलीच्या बाहेरच्यांना

संगणकीय प्रतिमांकन (संगणकाच्या गणिताने प्रतिमा घडवणं) आणि फोटॉनिक्स (प्रकाशाचं तंत्रज्ञान) यांचा आमचा गट विद्यापीठात आता उभा राहिला. शोधनिबंधांवर आमची नावं आहेत, तुमची नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. त्याचे दोन किरण एकत्र आले की काळे-उजळ पट्टे पडतात; ते नोंदवले की होलोग्राम, म्हणजे त्रिमितीय प्रतिमा, तयार होतो. रेकॉर्डिंग चालू असताना या दोन किरणांच्या वाटांतला फरक तरंगलांबीच्या निम्म्याने बदलला, तरी काळ्या पट्ट्याच्या जागी उजळ पट्टा येतो आणि होलोग्राम पुसला जातो. हे गणित सगळं थरथरवणाऱ्या पाण्याच्या पंपाला कोण सांगणार? वॉचमनकाका, आमचं रेकॉर्डिंग संपेपर्यंत तुम्ही तो लावलाच नाहीत. वर्कशॉपमधल्या दादांनी लेथवर लेन्सचे होल्डर करून दिले, वर काळं ॲनोडायझिंगही (धातूची चमक घालवणारा काळा थर) सुचवलं. अकाउंट्समधल्या ताई, कॅमेऱ्याच्या फाइलीवरचे शेरे तुम्हीच निस्तरलेत. पेढे पोचले ना?