प्रश्न तिचा, धडा देकार्तचा

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतली पाश्चात्त्य तत्त्वज्ञांवरची लेखमाला आवडीने वाचतेय, पण देकार्तच्या लेखात, तो म्हणतो तसं मन-शरीर वेगळं असेल तर मनात आल्यावर हात उचलला कसा जातो, हा प्रश्न ‘टीकाकारांनी विचारला’ असं एका ओळीत उरकलंय, ते खटकलं. त्यातली सगळ्यात चिवट टीकाकार होती बोहेमियाची (आजच्या चेकियातला प्रदेश) राजकन्या एलिझाबेथ. वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब नेदरलँड्समधल्या हेगमध्ये आश्रयाला, आणि 1643 मध्ये ही 24 वर्षांची मुलगी थेट देकार्तला लिहिते की ढकलायचं तर स्पर्श लागतो, आत्म्याला, म्हणजे मनाला, तर लांबी-रुंदीच नाही, मग तो शरीराला हलवतो कशाने? त्याने जडपणाचं उदाहरण दिलं, वजन कसं दगडाला न ढकलता खाली नेतं वगैरे. हिला पटलं नाही. त्यापेक्षा आत्माही भौतिक पदार्थच आहे असं मानणं मला सोपं वाटतं, असं तिने कळवलं! त्यावर साहेबांचा सल्ला काय, तर असल्या विचारांना वर्षातून थोडेच तास द्यावेत. ती कसली ऐकतेय, पत्रं पुढे कित्येक वर्षं चालू राहिली आणि भावनांवरचं त्याचं 1649 चं पुस्तक तिच्या प्रश्नांमधूनच आकाराला आलं.

1650 मध्ये तो गेला. तिने आपली पत्रं छापू दिली नाहीत, त्यामुळे 1657 पासून त्याची पत्रं छापून यायला लागली ती तिच्याशिवाय, म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं लोक फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकत होते. नेदरलँड्समधल्या एका गढीत तिच्या पत्रांच्या नकला सापडल्या आणि 1879 मध्ये छापल्या गेल्या. तोवरचं ठीक, तिचाच नकार होता. त्यानंतर काय सबब आहे? यूपीएससीला फिलॉसॉफी घेतलेल्या मुलांना मी शिकवते, पेपर एकच्या सिलॅबसमध्ये प्लेटोपासून स्ट्रॉसनपर्यंत नावं आहेत, बाई एकही नाही.

लाइबनिझचा लेख अजून यायचाय, म्हणून आधीच सांगते. अॅन कॉनवे या इंग्रज तत्त्वज्ञ बाईचं पुस्तक ती गेल्यावर 1690 मध्ये अॅमस्टरडॅमला लॅटिनमध्ये निघालं, त्यावर तिचं नावसुद्धा नव्हतं, पण लाइबनिझने स्वतः लिहून ठेवलंय की आपले विचार तिच्या बऱ्याच जवळ जातात. तेव्हा तिला लाइबनिझच्याच लेखात घ्या, 8 मार्चच्या खास पानासाठी राखून ठेवू नका प्लीज.

– एक वाचक, सातारा