‘चेक’ म्हणजे आधी शह, तपासणी नंतर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील शब्दांवरच्या टिपणात ‘बँकेचा चेक हा अरबी सक्कवरून (म्हणजे लेखी दस्तावरून) आला’ असे विधान आहे. त्याच पानावर खाली ‘चेक्स अँड बॅलन्सेस’चा तर्जुमा ‘तपासण्या आणि शिल्लक’ असा छापला आहे. दोन्ही चुकांचे मूळ एकच: चेक म्हटले की तपासणे, हे आपण गृहीत धरून बसलो आहोत. इंग्रजीत या शब्दाने पाऊल ठेवले ते बुद्धिबळाच्या पटावर. तेव्हा त्याचा अर्थ होता ‘शह’. तपासणीचा अर्थ त्याला चिकटायला पुढे तीन-चार शतके जावी लागली.

फारसीतला ‘शाह’ अरबांच्या तोंडून युरोपात गेला, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाला आणि साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत ‘चेक’ म्हणून स्थिरावला. त्याच फ्रेंच शब्दाचे अनेकवचन ‘एशेस’. त्यातून ‘चेस’ आला. म्हणजे खेळाचे नाव आणि राजावरचा हल्ला हे एकाच शब्दाचे अनेकवचन आणि एकवचन. आपल्याकडे ‘शह’ फारसीतून थेट आला, त्याला एवढी यात्रा करावी लागली नाही. आणखी मागे गेले तर ‘शाह’चे जुने फारसी रूप आणि संस्कृत ‘क्षत्र’ एकाच धातूचे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांतला नहपान ज्या ‘क्षत्रप’ घराण्याचा, तो शब्दही याच गोतावळ्यातला. तेव्हा ‘प्रादेशिक क्षत्रपांचे शह-काटशह’ असा मथळा आपण छापता, तेव्हा एकाच कुळातले शब्द एका ओळीत बसवता.

‘चेकमेट’विषयीही एक दुरुस्ती. ‘राजा मेला’ असा त्याचा अर्थ सर्रास सांगतात, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. मूळ फारसी ‘मात’ म्हणजे निरुपाय झालेला, हतबल. पटावर राजाला कोणी मारत नाही. त्याला जागा उरत नाही. आपण ‘संकटावर मात केली’ म्हणतो त्यात हाच अर्थ जिवंत आहे.

शहातून ‘थांबवणे’ हा अर्थ कसा निघाला ते खेळणाऱ्याला सांगायला नको. शह बसला की मनातले सगळे बेत बाजूला ठेवावे लागतात. राजा हलवा, शह देणारे मोहरे मारा किंवा मध्ये मोहरे घाला. चौथी वाट नाही. ही जी सक्तीची अडवणूक, तिच्यातून इंग्रजीत चेक म्हणजे रोखणे, लगाम घालणे, वेग मोडणे हा अर्थ आला. ‘चेक्स अँड बॅलन्सेस’मधला चेक हाच. संसद, सरकार आणि न्यायालय एकमेकांचे हिशेब तपासत बसत नाहीत, ती एकमेकांना शह देऊ शकतात. तिथे ‘अंकुश आणि समतोल’ म्हणावे, आणि ‘शिल्लक’ बँकेच्या पासबुकासाठी राखून ठेवावी. महागाई ‘इन चेक’ ठेवणे म्हणजे ती आटोक्यात ठेवणे. ‘महागाई तपासणीखाली’ असे यंत्राने केलेल्या भाषांतरात दिसते, ते हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यात वाक्याचा अर्थच उलटतो.

पैशाशी या शब्दाचा संबंध जडला तोही पटामुळेच. बुद्धिबळाच्या पटाला फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत, त्याचे इंग्रजी ‘एक्स्चेकर’ झाले. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाची वसुली ज्या मेजावर मोजली जाई, त्या मेजाचे हे नाव. त्या खात्याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने त्याच शतकाच्या उत्तरार्धात मेजाचे वर्णन लिहून ठेवले आहे: लांबी सुमारे १० फूट, रुंदी ५ फूट, सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून कडेला चार बोटे उंच काठ, वर काळे कापड, आणि त्यावर वीतभर किंवा फूटभर अंतराने आखलेल्या रेघा. उजवीकडून पहिला रकाना पेनींचा, मग शिलिंगांचा, मग पौंडांचा, मग वीस-वीस पौंडांचा म्हणजे आपल्या भाषेत कोडीचा, पुढे शंभर, हजार, दहा हजार.

याची गरज का पडली? हिशेब रोमन अंकांत लिहीत. त्यात शून्य नाही आणि स्थानाला किंमत नाही, त्यामुळे कागदावर वजाबाकी करणे जिकिरीचे. कापडावर मात्र रकाना रिकामा राहिला की तेच शून्य. समजा जिल्ह्याच्या शेरीफकडून, म्हणजे राजासाठी वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याकडून, १३७ पौंड ८ शिलिंग ५ पेनी येणे आहे. शंभरच्या रकान्यात १ सोंगटी, कोडीच्या रकान्यात १, पौंडांत १७, शिलिंगांत ८, पेनींत ५. त्याखालच्या ओळीत त्याने प्रत्यक्ष भरलेली रक्कम मांडायची आणि वरच्या ओळीतून सोंगट्या उचलत जायचे. १२ पेनींचा १ शिलिंग आणि २० शिलिंगांचा १ पौंड, म्हणून पेनींच्या रकान्यात ११ पेक्षा आणि शिलिंगांत १९ पेक्षा जास्त सोंगट्या दिसल्या तर मांडणी चुकली. १२ पैंचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया ज्यांनी बेरजेत हाताळला, त्यांना हे हातचे घेणे परके वाटणार नाही. अक्षरशत्रू शेरीफलाही आपल्यावरचे येणे डोळ्यांनी दिसे. खजिनदार आणि शेरीफ यांच्यातला सामना पटावरच्या लढाईसारखाच असतो, असे फिट्झनील स्वतःच म्हणतो.

पावती मिळे ती लाकडाची. हेझेल नावाच्या झुडपाच्या काठीवर खाचा पाडत: हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची पिकल्या सातूच्या दाण्याएवढी, पेनीची नुसती चीर. मग काठी खाचांसकट उभी चिरायची. मोठा तुकडा पैसे भरणाऱ्याकडे, लहान खजिन्याकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही तुकडे जुळवून पाहायचे. खाचा आणि लाकडाच्या रेषा जुळल्या नाहीत तर कोणीतरी लबाडी केली आहे. (कालबाह्य झालेल्या या काठ्यांचा ढीग १६ ऑक्टोबर १८३४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या भट्ट्यांत जाळायला घेतला आणि त्यात ब्रिटिश संसदेची जुनी इमारत बहुतांशी खाक झाली. हिशेबाची जुनी कागदपत्रे निकालात काढणाऱ्या आपल्या कार्यालयांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.)

बँकेचा चेक समजतो तो याच जोडीच्या पद्धतीतून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘चेक’ म्हणत ते पैसे देण्याच्या चिठ्ठीला नव्हे, तर तिच्या जोडीच्या तुकड्याला, म्हणजे आजच्या काउंटरफॉइलला, अर्धुकाला. चिठ्ठीत कोणी फेरफार केला तर तो तुकडा लबाडीला चेक देई, म्हणजे शह देई. चिठ्ठीचे स्वतःचे नाव ‘ड्रॉन नोट’ असे होते. बँक ऑफ इंग्लंडने १७१७ मध्ये छापील नमुने काढले, तेही बनावट टाळण्यासाठी खास कागदावर. हळूहळू अर्धुकाचे नाव अख्ख्या कागदाला मिळाले. जोडीशी ताडून पाहण्यातूनच ‘चेक करणे’ म्हणजे पडताळणे हा आपल्या रोजच्या बोलण्यातला अर्थ पक्का झाला.

म्हणून ‘सक्क’ची व्युत्पत्ती पटत नाही. मध्ययुगीन अरब व्यापारात सक्क नावाचा लेखी दस्त होता, तो पैसे चुकवण्यासाठी वापरत, हे सगळे खरे. पण इंग्रजी शब्द तिथून आला असता तर तो आरंभापासून पैसे देण्याच्या हुकमाला लागला असता, अर्धुकाला नाही. ध्वनी जुळला की नाते जुळले असे धरले, तर ‘चेक’ आणि मराठी ‘चकवा’ हेही भाऊ ठरतील.

स्पेलिंगचा घोळही इथेच सुटतो. अमेरिकेत शेवटी ‘सी-के’ लिहितात, ते जुने वळण. ब्रिटनमध्ये ‘क्यू-यू-ई’ रूढ झाले. बँकर जेम्स विल्यम गिलबार्ट याने १८२८ मध्ये याची बाजू मांडली: संदिग्धता टळते आणि ‘एक्स्चेकर’शी मेळ बसतो. आपल्या १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टने) ब्रिटिश वळण घेतले. त्यामुळे भारतात बँकेत लिहायचे स्पेलिंग ‘क्यू-यू-ई’चेच.

टिपणात चेकची मुदत सहा महिने दिली आहे, तीही बदलावी. १ एप्रिल २०१२ पासून ती तारखेपासून तीन महिने आहे. आणि खाडाखोड करून शेजारी सही ठोकण्याची जुनी सवय सोडलेली बरी. सीटीएस (चेक ट्रंकेशन सिस्टीम) या पद्धतीत कागदाऐवजी चेकची प्रतिमा पुढे जाते, तिथे नावात किंवा रकमेत केलेली दुरुस्ती, सही असली तरी चालत नाही. नवा चेक फाडावा लागतो. तळाच्या चुंबकीय शाईच्या पट्टीत आधी सहा अंकी चेक क्रमांक, मग नऊ अंकी संकेतांक असतो: पहिले तीन अंक शहराचे (मुंबई ४००, पुणे ४११), पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. या पट्टीवर सही, शिक्का किंवा घडी आली की यंत्राला वाचता येत नाही.

जोडीच्या तुकड्याचा हा अर्थ अमेरिकेत फार फोफावला. रेल्वेत सामान सोपवले की पितळी बिल्ला ट्रंकेला आणि त्याच क्रमांकाचा दुसरा प्रवाशाच्या हातात. तो ‘बॅगेज चेक’. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर आपण हाच व्यवहार करतो. बेसबॉलचा सामना पावसाने धुऊन निघाला तर तिकिटाच्या अर्धुकावर पुढे केव्हातरी प्रवेश मिळे, तो ‘रेन चेक’. त्याचा ‘पावसाची तपासणी’शी काडीचा संबंध नाही. अमेरिकन हॉटेलात जेवण झाल्यावर ‘चेक’ मागतात ते बिल.

चौकडीच्या शर्टाचा ‘चेक्स’ मात्र अडवणुकीतून आला नाही, तो सरळ पटावरून उतरला. विणकरांच्या भाषेत ताण्यात (उभ्या धाग्यांत) आणि बाण्यात (आडव्या धाग्यांत), दोन्हीकडे रंगीत धागा ठरलेल्या संख्येने आला तरच खरी चौकडी. फक्त ताण्यात आला तर पट्टे. पांढरा आणि एकच रंग घेतला तरी कापडावर तीन छटा दिसतात, कारण रंग आणि पांढरा जिथे एकमेकांना छेदतात तिथे फिकी छटा तयार होते. छापील चौकडी ओळखायची तर कापडाची उलट बाजू पाहावी.

शेवटी, आपल्या शेतीच्या पानावरचा ‘चेक डॅम’. त्याला ‘तपासणी बंधारा’ म्हणणारे कोणी नाही हे नशीब, पण ‘पाणी अडवणारा’ एवढ्यानेही भागत नाही. इथे चेक म्हणजे वेगाला शह. ओघळीतल्या अनघड दगडांच्या बांधातून पाणी झिरपून पुढे जातेच. गती मोडली की वाहून येणारी माती मागे बसते. अंतराचा नियम साधा आहे: खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा. त्याहून लांब बांधले तर मधला पट्टा खरवडला जातो. बांधाचा मध्य दोन्ही टोकांपेक्षा खोलगट हवा आणि टोके काठात खोल रुतवलेली हवीत, नाहीतर पाणी बाजूने वाट काढते आणि काठ कापत नेते. खालच्या अंगाला दगडांची पथारी नसली तर पडणारे पाणी पाया उकरते आणि पहिल्याच मोठ्या पावसात बांध ढासळतो.

‘चेक प्रजासत्ताक’ या गोतावळ्यात नाही. ते त्या लोकांचे स्वतःचे नाव, पोलिश वळणाने इंग्रजीत लिहिलेले; त्यांच्या उच्चारात शेवटी ‘ख’सारखा ध्वनी येतो.

पुढील अंकात ‘सक्क’चे विधान, चेकची मुदत आणि ‘तपासण्या आणि शिल्लक’ या तिन्हींची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे