डॉन बॉस्को, तुमच्या त्या स्टँपपेपरबद्दल

आदरणीय डॉन बॉस्को यांस,

सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झालाय. तुम्ही ३१ जानेवारी १८८८ ला गेलात, आणि मी पहिल्यांदा लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशिनवर, उभा राहिलो तेव्हा त्याला शंभर वर्षं उलटली होती. तरी आभार मानायचे राहिले ते राहिलेच, म्हणून आज लिहितो.

सुरुवातीला तुमच्या नावानेच घोळ घातला होता. इटलीत पाद्रीबाबांना आदराने ‘डॉन’ म्हणतात, हे आम्हाला कुठून माहीत असणार? मुंबईच्या मामाने गावी निरोप धाडला, “पोराला डॉन बॉस्कोत घालतोय.” आईने माण तालुक्यातून शेजाऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं : वडील नाहीत म्हणून पोराला असल्या धंद्याला लावू नका.

त्याआधी वर्षभर मी एका वर्कशॉपात ‘शिकत’ होतो. नाव कशाला घ्यायचं, मालक आता हयात नाही. शिकत होतो म्हणजे काय, तर सकाळी झाडू, मग चहा, मग शेठच्या मुलीला शाळेत सोडणं, दुपारी डबा आणणं, संध्याकाळी मशिनखालच्या लोखंडी चिप्स गोळा करणं. मशिनला हात लावला म्हणून एकदा पाठीत पाना बसला. वर्षाच्या शेवटी मला कुठल्या टपरीचा चहा कडक असतो ते पक्कं कळलं होतं. मायक्रोमीटर कसा धरतात ते नाही.

मग तुमच्या नावाची तंत्रशाळा. मुलाखत घ्यायला शर्ट-पँट घातलेले एक ब्रदर बसले होते, बोटांच्या फटींत ग्रीस. मला वाटलं शिपाई असावा. पुढे समजलं की तुमच्या संस्थेत असे ब्रदर असतात : व्रतं घेतलेले, पण पाद्री नव्हेत, आणि त्यांतले कित्येक हातात हत्यार घेऊन शिकवणारे. त्यांनी विचारलं, वडील? नाहीत. दहावी? गणितात गेलो. इंग्रजी? नाही. मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात म्हणाले, “सायकलची उतरलेली चेन बसवता येते?” मी हसलो. म्हणालो, अंधारातसुद्धा.

हा प्रश्न त्यांचा नव्हता, तुमचा होता, हे फार नंतर कळलं. ८ डिसेंबर १८४१, इटलीतलं ट्युरिन. तुम्ही २६ वर्षांचे, नवे पाद्री. चर्चमागच्या खोलीत थंडीने शिरलेल्या एका पोराला तिथला सेवक काठीने हाकलत होता. “त्याला बोलव, तो माझा दोस्त आहे,” असं तुम्ही म्हणालात. बार्तोलोमेओ गारेल्ली, १६ वर्षांचा, गवंडीकाम करणारा, आईबाप नसलेला. वाचता येतं? नाही. गाता येतं? नाही. मग, गोष्टीत सांगतात तसं, तुम्ही विचारलंत, “शिट्टी वाजवता येते?” आणि पोरगा हसला.

पहिले दोन महिने मला मशिन दिलंच नाही. एक लोखंडी पट्टी, व्हाइस आणि कानस. घासायचं, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, जॉब खिडकीकडे धरायचा. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की परत घास. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. एका शनिवारी ब्रदरांनी माझा जॉब उजेडाला धरला आणि काहीच न बोलता पुढच्या पोराकडे गेले. रेघ नव्हती. त्या गप्प राहण्याइतकी शाबासकी मला नंतर कुणी दिलेली नाही. आता सांगायलाच हवं, कारण लोक विचारतात : तिथे मला कुणी धर्म बदल म्हणालं नाही. आषाढीला आई वारीला गेली की प्रसाद यायचा आणि पहिला हात ब्रदरांचाच असायचा.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. शाळेच्या वाचनालयात तुमच्या चरित्रात एका कराराची हकिकत वाचली. ८ फेब्रुवारी १८५२. एका बाजूला सुतार मिस्त्री जुझेप्पे बेर्तोलीनो, दुसऱ्या बाजूला मोंदोवीचा पोरगा जुझेप्पे ओदास्सो, जामीन त्याचा बाप आणि मध्यस्थ तुम्ही. चक्क स्टँपपेपरवर. मिस्त्रीने पोराकडून धंद्याचंच काम करून घ्यायचं, दुसरं नाही. चुकला तर तोंडाने सांगायचं, हात उगारायचा नाही. दर आठवड्याला पगार, सणाला सुट्टी, वर्षाला रजा. पोरानेही मन लावून काम करायचं आणि मिस्त्रीचा मान ठेवायचा.

मी ते कलम तीनदा वाचलं. धंद्याचंच काम, दुसरं नाही. पाठीतला पाना आठवला.

दयाळू माणसं जगात खूप झाली. पोरांना पाव वाटणारे, डोक्यावरून हात फिरवणारे. तुम्हीही ते केलंत, तुमची आई मार्गारीताही म्हातारपणी गाव सोडून तुमच्या पोरांचे फाटके कपडे शिवत बसली. पण मिस्त्रीच्या दयेवर पोराला सोडायचं नाही, त्याची सही घ्यायची, हे सुचायला दयेच्या जोडीला व्यवहार लागतो. तो तुम्हाला कुठून आला असेल याचा माझा अंदाज आहे. बाप तुम्ही दोन वर्षांचे व्हायच्या आत गेला. शिक्षणासाठी तुम्ही स्वतः शिंप्याकडे, लोहाराकडे, कॉफीच्या दुकानात राबलात. तुरुंगांत जाऊन कोवळी पोरं गजाआड पाहिलीत. १८५३ पासून तर ट्युरिनच्या वाल्दोक्को भागात स्वतःचीच वर्कशॉपं काढलीत, आधी चांभारकाम आणि शिवणकाम, मग बुकबाइंडिंग, सुतारकाम, छापखाना. आज तुमचं नाव घेतलं की लोकांना इंग्रजी शाळेच्या ॲडमिशनची रांग आठवते. माझ्या नाकात कटिंग ऑइलचा वास येतो.

२०११ साली तुमचे अवशेष भारतभर फिरले, मुंबईतही आले. काचेच्या पेटीत मेणाचा पुतळा आणि आत उजव्या हाताची हाडं. रांगेत पुढच्या बाई रुमाल लावून डोळे पुसत होत्या. मी मनात म्हटलं, करारावर सही केलेला हात हाच.

आता भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, दोन अप्रेंटिस पोरं. एक बीडचा, एक इथलाच. करार कागदावर आहे, आणि तुमचं ते कलम मी मराठीत मुद्दाम घातलंय. तरी गेल्या महिन्यात डिस्पॅचच्या गडबडीत मी बीडच्या पोराला ओरडलो, “जा रे, पळ, चहा सांगून ये.” तो लेथवर होता, पहिल्यांदाच थ्रेडिंग करत, म्हणजे आटे पाडत होता. त्याने मशिन बंद केलं आणि कापसाने हात पुसायला लागला. काही बोलला नाही. निघालाच होता.

मी म्हटलं, थांब, तू जॉब पुरा कर. किटली घेऊन मीच निघालो. टपरीवाला बघतच राहिला. “शेठ, आज तुम्ही?”

आपला,
एक टर्नर, भोसरी