हा राग नेमका कशाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामशेतला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, दशक्रिया, बैलगाडा शर्यत, निवडणूक, सगळं काम येतं आणि सगळ्या पक्षांचं येतं. कॉम्प्युटरवर ‘नेते’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात एकेकाचे फोटो कापून ठेवलेत, हात जोडलेला वेगळा, हात उंचावलेला वेगळा.

2019 च्या विधानसभेला मावळात भाजप आणि राष्ट्रवादी समोरासमोर होते. मतदान चार दिवसांवर आलं असताना एक कार्यकर्ता सकाळी शटर उघडायच्या आत दारात उभा. काखेत गुंडाळलेला फ्लेक्स. उलगडला तर रात्री कुणीतरी त्यावर ब्लेड चालवलेलं. फ्लेक्स फाडला नव्हता. नेत्याचे फक्त डोळे कापून नेले होते, पापणीच्या कडेकडेनं, घाई न करता. मी दुसरा छापून दिला, पण ती दोन भोकं अजून दिसतात मला. कुणाचा फोटो होता ते सांगत नाही. तसलं काम दोन्हीकडून व्हायचं.

महिना उलटला आणि 23 नोव्हेंबरला भल्या सकाळी राजभवनावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेताना टीव्हीवर दिसले. फोन आला, ‘दोघांचा अभिनंदनाचा बनवून ठेव.’ थोड्या वेळानं त्याचाच परत, ‘थांब, प्रिंट काढू नको.’ 26 तारखेला राजीनामे आणि 28 ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे काँग्रेस आणि राष्ट्रवादीला सोबत घेऊन मुख्यमंत्री. मग जून 2022, एकनाथ शिंद्यांचं बंड. मग 2 जुलै 2023, अजित पवार भाजपसोबत पुन्हा उपमुख्यमंत्री. ज्या सिंचन घोटाळ्याच्या सत्तर हजार कोटींच्या आरोपावरून भाजपनं अजित पवारांना तुरुंग दाखवला होता, ते पैसे आणि ते कालवे होते तिथंच राहिले. मी मात्र फोल्डरमधले चेहरे या फ्लेक्सवरून उचलून त्या फ्लेक्सवर ठेवत गेलो.

आता माझं सांगतो, कारण ते न सांगता हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार नाही. माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, एका नेत्याचा कट्टर माणूस. मी दुसऱ्याचा. घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज जुंपायची. एका रात्री मी दुकानात बसून त्याच्या नेत्याचा एक घाणेरडा फोटो जोडला. धड एकाचं, तोंड एकाचं. हे माझं रोजचं काम, त्यामुळे सांधा कुठं दिसला नाही. तो ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर काकू होती, माझ्या मुली होत्या. दादा काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला काकू एकटीच एसटीनं आली. दादा आला नाही.

2023 ला त्याचा नेता आणि माझा नेता एकाच फ्लेक्सवर आले. तोही माझ्याच दुकानात छापला. दोन्ही चेहरे मापून सारखे घ्यायचे, एक इंच इकडंतिकडं नको, अशी ताकीद होती. त्यांचं मिटलं. आमचं नाही मिटलं.

म्हणून मी स्वतःला विचारतो, त्या रात्री मला दादाच्या नेत्याचा एवढा तिरस्कार कशासाठी होता? त्यानं माझं काय बिघडवलं होतं? मला एकही गोष्ट सांगता येत नाही. तो समोरच्या बाजूला होता, एवढंच.

मग नेत्यावरचा राग नेहमीच बिनबुडाचा असतो का? तसंही नाही. माझे वडील मुंबईत डबेवाले होते. नोव्हेंबर 1955 मध्ये फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. तिथं रस्त्यावर विखुरलेल्या चपला त्यांनी पाहिल्या होत्या. त्यानंतर कित्येक वर्षं तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांचं नाव निघालं की ते ताटावरून उठायचे. पण 1977 ला त्यांनी जनता पक्षाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का मारला आणि मोरारजी पंतप्रधान झाले. लोकांनी छेडलं तेव्हा म्हणाले, ‘तेव्हा गोळ्यांचा राग होता, महाराष्ट्र मिळाला. आता आणीबाणीचा आहे.’ त्यांचा राग कशावर आहे ते त्यांना ठाऊक होतं, आणि तो कशानं शांत होईल तेही.

आमच्या मावळातल्या बऊर गावचंच घ्या. 9 ऑगस्ट 2011 ला पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंदिस्त जलवाहिनीविरोधात लोक मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई. त्या दिवशी सरकारवर जो राग होता त्याला मी आजही चूक म्हणणार नाही. मागणी साधी होती, जलवाहिनी थांबवा. काम थांबलं.

पवना धरण होऊन पन्नास वर्षं उलटली. कितीतरी धरणग्रस्त अजून पर्यायी जमिनीची वाट बघताहेत. एवढ्या काळात काँग्रेसचं, शरद पवारांच्या पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दल), युतीचं, आघाडीचं, महायुतीचं, सगळ्यांचं राज्य येऊन गेलं. रागवावं अशी गोष्ट ही आहे. पण हिच्यावरून मी कुठल्याही ग्रुपवर कधी भांडण पाहिलं नाही. ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याचा नातूसुद्धा मुंबईत कोण कुणाला काय बोललं यावरून मित्राची गचांडी धरतो. तुमच्या पानांवरही त्या बोलाचालीला आठ कॉलम असतात. त्यातले दोन तरी या जुन्या, कुणाच्याच नसलेल्या प्रश्नांना द्या, ही विनंती.

मागच्या आठवड्यात एक म्हातारे धरणग्रस्त मोर्चासाठी फ्लेक्स करायला आले. सहा बाय चार. सवयीनं विचारलं, फोटो कुणाचा घ्यायचा? म्हणाले, ‘कुणाचाच नको. गावांची नावं घाल, मोठ्या अक्षरात.’ दादाची सासुरवाडी त्यातल्याच एका गावची. रात्री डिझाइन झालं तेव्हा बराच वेळ विचार करून मी ते दादाला पाठवलं, वर एक शब्दही लिहिला नाही. सकाळी त्याचं उत्तर आलं होतं, किती वर्षांनी. ‘तिसऱ्या गावाची वेलांटी चुकली आहे. दुरुस्त कर.’

दुरुस्त करून छापला. पैसे घेतले नाहीत.

आपला,
एक वाचक
कामशेत, ता. मावळ, जि. पुणे