कर्नाळ्याच्या खिंडीत हॉर्नवरचा हात काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आलेत. चाकरमान्यांनी रजेचे अर्ज टाकलेत, जादा गाड्यांची आरक्षणं चालू आहेत. त्या सगळ्यांच्या, आणि खास करून त्यांना गावी घेऊन येणाऱ्या चालकांच्या कानावर एक गोष्ट घालायची आहे.

मी एसटीत सव्वीस वर्षं चालक होतो. गुहागर-मुंबई किती फेऱ्या झाल्या, त्याचा हिशेब नाही. मुंबईहून येताना पनवेल सुटलं, शिरढोण मागे पडलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. आपण त्याला अंगठा म्हणतो. तो दिसला की गाडीतली म्हातारी माणसं हात जोडायची, पोरं खिडकीला चिकटायची. पण एवढ्या वर्षांत मी तिथे एकदाही उतरलो नाही. ड्युटीवर गाडी वेळेत न्यायची असायची आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याला कोण जातो? यंदा जूनअखेरीस सातवीतल्या नातवाने हट्ट धरला, म्हणून उतरलो. त्याला तिबोटी खंड्या हा पक्षी बघायचा होता.

कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ साली जाहीर झालं, तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं. २००३ मध्ये हद्द वाढली, तरी एकूण १२.११ चौरस किलोमीटरच. एवढ्याशा जंगलाच्या मधून मुंबई-गोवा महामार्ग जातो. रस्ता जंगलातून जातो, हे मला ठाऊक होतं. तो जंगलात ऐकू कसा येतो, ते तिकडे उतरेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आधी आम्ही खालच्या हरियाल निसर्गवाटेने गेलो. माझ्यासारख्या गुडघे दुखणाऱ्यालाही जमेल अशी ती वाट. आदल्या रात्री पाऊस होऊन गेलेला, पानांतून पाणी टपकत होतं. नातवाने मला एका वळणावर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. सुरुवातीला नुसतं पाणी ऐकू आलं. मग तांबटाचं टुकटुक, मग दयाळ, मग ओढ्याकडून माणसाने शीळ घालावी तसा एक आवाज. तो शीळकरी कस्तूर, असं नातू म्हणाला. बोटं मोडत आम्ही सहापर्यंत पोचलो. तेवढ्यात खाली खिंडीत एका ट्रकने प्रेशर हॉर्न दिला, लांबलचक. मागच्याने त्याला उत्तर दिलं. आणि जंगल गप्प झालं. कस्तूर पुन्हा बोलेपर्यंत आम्ही बराच वेळ तसेच उभे होतो. तो बोलला, आणि पुन्हा हॉर्न.

तिबोटी खंड्या दिसला. ओढ्यावरच्या फांदीवर क्षणभर टेकला आणि गेला. चिमणीएवढा जीव, जांभळा, नारिंगी आणि निळा. पावसाळ्याच्या तोंडावर हा पक्षी आपल्याकडे येतो, दरडीच्या मातीत बीळ करून अंडी घालतो, बेडूक-पाली-खेकडे नेऊन पिल्लं वाढवतो. गणपतीत आपल्या गाड्यांची रांग त्या खिंडीतून जाते, तेव्हाही काही बिळांत पिल्लं असतात.

मग कर्नाळा किल्ल्याच्या वाटेने सोंडेवर पोचलो. पुढे कर्णाई देवीच्या देवळापर्यंत जाणं मला झेपलं नाही. पण सोंडेवर झाडी उघडते आणि दोन्हीकडचा मुलूख दिसतो. ढग फाटले तसा प्रबळगड दिसला, पश्चिमेला खाडीची करडी रेघ, तिच्यापलीकडे मुंबई. डोक्यावर सुळका, त्याच्या कपारीत आग्या मोहोळं लटकलेली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत हा होता आणि १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा इथले किल्लेदार. त्यांचं शिरढोण पायथ्यालाच आहे. अशा जागी बसून नातवाने वहीत प्रत्येक हॉर्नला एक रेघ मारायला घेतली. मला वाटलं होतं, वर आवाज कमी येईल. उलट तो दोन डोंगरांच्या मधून सरळ वर चढतो. वहीचं पान भरलं, तेव्हा मीच त्याला पुरे म्हणालो. त्या रेघांमध्ये माझ्याही कितीतरी रेघा असत्या.

चालकबंधूंनो, हॉर्न का वाजतो ते मला माहीत आहे. पूर्वी खिंडीत रस्ता अरुंद, वळणं आंधळी, समोरून कोण येतंय ते दिसायचं नाही. हॉर्न दिल्याशिवाय वळण घ्यायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं आणि ते बरोबरच होतं. आता रस्ता रुंद झालाय. आज वाजणाऱ्या हॉर्नपैकी बहुतेक 'सरक' म्हणण्यासाठी वाजतात. त्याला डिपर, म्हणजे दिव्याची उघडझाप, आहे. माणूस किंवा माकड आडवं आलं तर हॉर्न जरूर द्या, पण त्याआधी पाय ब्रेकवर हवा. विनाकारण हॉर्नला कायद्याने पहिल्या वेळी हजार आणि पुढे दोन हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने हे होईल, असं मला वाटत नाही. पक्ष्याची हाक म्हणजे त्याचं सगळं बोलणं असतं: जोडीदाराला बोलावणं, दुसऱ्याला हद्द सांगणं, साप आला म्हणून ओरडणं. ते आपण मध्येच तोडतो, हे एकदा खाली उतरून ऐकलं की हात आपोआप आखडतो. खाजगी ट्रॅव्हल्सच्या मालकांनी आपल्या चालकांना एकदा तरी त्या वाटेवर न्यावं. प्रवाशांनीही चालकाला नम्रपणे सांगावं, कोणी रागावणार नाही.

शिरढोण सुटल्यापासून खिंडीपुढचं तारा गाव येईपर्यंत. एवढंच अंतर मागतो आहे.

आमच्या आगारातल्या तरुण चालकांना मी हे सांगितलं. काहींनी मान डोलावली, काही हसले. परवा त्यातल्या एकाचा पनवेलहून फोन आला. तारा ते शिरढोण हॉर्नला हात न लावता आलो, म्हणाला. एक ट्रक पुढून हटत नव्हता, दोनदा डिपर दिला, हटला. गाडी वेळेत लागली.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, गुहागर