मसाई पठार सूर्योदय छायाचित्रण : सदस्यांसाठी सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी पन्हाळ्याजवळील मसाई पठारावर निसर्गचित्रणासाठी जायचे असून, सर्वांनी पहाटे ४ वाजता कोल्हापुरातील शिवाजी पुलाजवळ जमावे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्योदय साधारण साडेसहाच्या सुमारास होतो. परंतु ढगांना खरा रंग पुष्कळदा त्याआधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत चढतो, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांसाठी थांबता येणार नाही.

जागा अंधारातच निवडून ट्रायपॉड लावावा आणि चौकट नक्की झाल्यावर ती सारखी बदलू नये. धुके दाट असल्यास निराश होऊन कॅमेरा बॅगेत भरू नये, ही विशेष विनंती. ऊन चढू लागले की धुके विरळ होते, सोनकीच्या पाकळ्यांवरचे दव तिरप्या उन्हात चमकते आणि दरीपलीकडचे डोंगर एकामागून एक उघडे पडतात. हा क्षण बहुधा वाट पाहणाऱ्यालाच मिळतो. म्हणून आठपर्यंत कोणीही परतीची घाई करू नये.

• फुलांवर पाय देऊ नये, ट्रायपॉडही जांभ्याच्या उघड्या खडकावरच टेकवावा.
• इतरांच्या चौकटीत विजेरीचा उजेड पाडू नये.
• लेन्सवर दव धरते, तेव्हा कोरडे सुती कापड आणावे. जादा बॅटरी व पाणीही सोबत असावे.
• कड्याच्या टोकाशी एकट्याने जाण्यास सक्त मनाई आहे.

येणाऱ्यांनी शुक्रवारी सायंकाळपर्यंत गटप्रमुखांकडे नाव द्यावे.